जिन्याखालचं इंजिन

दिवाळीच्या सुट्टीपासून मे महिन्यापर्यंत आमच्या घरी जिन्याखाली मोटारीचं एक इंजिन पडून होतं. वर निळी ताडपत्री आणि तिच्याभोवती मुलांच्या सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी ते दिसायचं, मग घरातली माणसं. दर शुक्रवारी भंगारवाला हातगाडी घेऊन यायचा, ताडपत्रीचं टोक उचलून बघायचा आणि म्हणायचा, "भाभी, साडेसहा हजार. पुढच्या आठवड्यात एवढेही मिळणार नाहीत." पुढच्या आठवड्यात तो पुन्हा साडेसहाच सांगायचा.

टॅक्सी, रिक्षा, टेम्पोवर चालणारी घरं या मासिकाच्या वाचकांत कमी नाहीत. इंजिन बदलायची वेळ आली की सगळ्यांचं लक्ष येणाऱ्या इंजिनाकडे असतं. काढलेल्या जुन्या इंजिनाचं काय, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते गॅरेजच्या कोपऱ्यातच राहतं आणि मालक विसरून जातो. आम्ही ते घरी आणलं आणि सुटं करून विकलं. त्यात काय मिळालं, काय गेलं आणि कुठे आमचीच नियत डळमळली, ते सगळं इथे सांगतो.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमची पांढरी डिझायर घरासमोर उभी होती. पिवळ्या पाटीची, प्रवासी वाहतुकीची गाडी. मुलांचे अब्बा ती चालवतात, आणि घर तिच्यावर आणि आमच्या शाळेच्या पगारावर चालतं. पाणी ओसरलं तेव्हा बॉनेटवर चिखलाचा थर होता आणि आत सीटवर कुणाच्या तरी घरातली चप्पल. चार दिवसांनी, गाडी नुसती उभी राहिलेली बघवेना म्हणून, एका जीपला दोर बांधून, गिअर टाकून ती ओढून सुरू करायचा प्रयत्न झाला. दोर बांधायला हो म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो.

ती चूक महागात पडली. सिलिंडरमध्ये हवा असली की पिस्टन ती दाबतो. पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, मग पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड वाकतो. आमचा दुसऱ्या सिलिंडरचा वाकला आणि पिस्टनने बोअरवर नखं ओढल्यासारख्या रेघा पाडल्या. विम्याच्या माणसाने सीट, वायरिंग, गालिचा यांचे पैसे मान्य केले, पण इंजिनाचे नाही. पाणी पुराने गेलं, रॉड मात्र तुम्ही इंजिन फिरवलंत म्हणून वाकला, असं त्याचं म्हणणं. अशा नुकसानीसाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. वर्षाचे थोडे पैसे वाचवायला आम्ही ते घेतलं नव्हतं. पाण्यात बुडालेली गाडी मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत चावीसुद्धा फिरवू नये, एवढं तरी वाचकांनी आमच्याकडून घ्यावं.

मग शिक्षकांच्या पतपेढीतून ऐंशी हजारांचं कर्ज काढलं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दुसरं इंजिन आणलं. ते टर्बो, पंप, डायनॅमोसकट पूर्ण मिळालं. त्यामुळे आमचं जुनं इंजिनही जसंच्या तसं, सगळ्या अंगांसह, सुटं झालं. मिस्त्री म्हणाले, "भाभी, हे माझ्याकडे ठेवू नका. इथे राहिलं तर आज याचा नट जाईल, उद्या त्याचा पाइप." म्हणून छोट्या टेम्पोतून ते आमच्या जिन्याखाली आलं. आणण्याआधी त्यांनी चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलं, हातानेच फिरेल तेवढं फिरवलं आणि सगळी तोंडं चिंध्या आणि टेपने बंद केली. सहा महिन्यांनी आम्हाला जे पैसे मिळाले त्यातले निम्मे तरी त्या संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासाचे आहेत.

आता हे इंजिन आहे काय, ते सांगायला हवं, कारण त्यावर सगळा भाव ठरतो. डिझायरच्या डिझेल गाडीत येणारं १२४८ सीसीचं हे इंजिन मूळ फियाटचं, मल्टिजेट. मारुतीने ते हरियाणात मानेसरला बनवलं आणि फियाट-टाटांच्या भागीदारीतल्या कारखान्यात ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनलं. स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, टाटांची व्हिस्टा आणि मान्झा, फियाटची पुंटो अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन थोड्याफार फरकाने बसलं. २०२० च्या एप्रिलमध्ये प्रदूषणाचे नवे निकष आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे रस्त्यावर गाड्या भरपूर आणि कारखान्यातून नवं इंजिन नाही. जुन्या सुट्या भागांना मागणी येते ती इथून.

पण "एकच इंजिन" म्हणताना जरा सांभाळावं लागतं. पंचाहत्तर अश्वशक्तीच्या आणि नव्वदच्या इंजिनांत टर्बो वेगळा असतो. डिझायर-स्विफ्टचा साधा, तर ब्रेझा-अर्टिगाचा आतली पाती हलवून हवेचा झोत कमी-जास्त करणारा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. फोन करणाऱ्या पहिल्या दहांपैकी चार जणांना ब्रेझासाठी टर्बो हवा होता. भागावर कोरलेला पार्ट नंबर आधी कळवला असता तर ते चार फोन वाचले असते. नंतर आम्ही नंबराचा फोटो सगळ्यात वर लावू लागलो.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि मिस्त्रींना घरी बोलावलं. अडीच हजारांवर दोन दिवसांचं काम ठरलं. ओट्यावर जुन्या चादरी पसरल्या, शाळेचा एक कोरा हजेरीपट घेतला आणि मुलांच्या नावांच्या जागी भागांची नावं लिहिली. पुढच्या रकान्यांत स्थिती, तपासणी, मागितलेला भाव, मिळालेला भाव. थोरला बारावीची परीक्षा देऊन मोकळा होता. तो फोटो काढायचा, धाकटी नटबोल्ट बरण्यांत भरून चिठ्ठ्या लावायची. लोणच्याच्या बरण्या त्या वर्षी लोणच्याला कमी पडल्या.

तेलाचं चेंबर उघडलं तेव्हा आतून दूध घातलेल्या चहासारखं काहीतरी निघालं. तेल आणि पाणी. ते गटारात ओतायचं नाही असं मिस्त्रींना सांगावं लागलं नाही. त्यांच्याकडे जळकं तेल नेणारा माणूस येतो, कॅन भरून त्याच्यासाठी ठेवलं. नंतर एकेक भाग सुटत गेला: सेल्फ, डायनॅमो, व्हॅक्युम पंप, डिझेलचा हाय-प्रेशर पंप आणि त्याची रेल, चार इंजेक्टर, टर्बो, हेड, फ्लायव्हील, चेंबर, क्रँक. शेवटी उरला तो काळा जड ओतीव लोखंडाचा ब्लॉक.

काय विकायचं नाही हे आधी ठरलं. टायमिंगची साखळी ताणली जाते. तिची जुनी कडी कुणाच्या इंजिनात गेली आणि पळाली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. हेडचे बोल्ट आवळताना लांबतात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. बेअरिंगच्या वाट्या, गॅस्केट, सील, क्लच प्लेट हे सगळं बाजूला टाकलं. साखळीला गिऱ्हाईक आलं होतं हं. "जुनी असली तरी चालेल, आठशे देतो" म्हणाला. मिस्त्रींनी ती त्याच दिवशी कटरने मधोमध कापली. आम्हाला विचारलं नाही, आणि बरंच झालं.

दुसरी एक गोष्ट त्यांनी शिकवली. हेड आणि त्यावरचं कॅमशाफ्टचं घर वेगवेगळं विकू नका, जोडीनेच द्या. आणि काहीही रंगवू नका. थोरल्याने उत्साहात चांदीरंगाचा स्प्रे आणला होता. रंगवलेला जुना भाग बघितला की जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतं, खाली काय झाकलंय? डिझेलने धुऊन, ब्रश मारून, सुक्या फडक्याने पुसून ठेवायचं, बस्स.

आता मुद्द्याची गोष्ट. थोरल्याने फोटो काढून मोबाइलवर जाहिरात टाकली. जाहिरात छान होती: "डिझायर डिझेल, घरगुती वापर, सर्व भाग उत्तम स्थितीत." त्यातला 'घरगुती वापर' खोटा, कारण गाडी पिवळ्या पाटीची. 'उत्तम स्थिती' तपासणीआधीच लिहिलेली. आणि 'पूर' हा शब्द कुठेच नव्हता. आम्ही ती रात्री वाचली. तोवर साताऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने हेड चौदा हजारांना आणि डायनॅमो तीन हजारांना ठरवून दोन हजार आगाऊ पाठवले होते.

घरात वाद झाला. थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. पूर इंजिनात आला, हेडला काय झालंय? तपासून देऊ की. पूर म्हटलं की लोक फोनच ठेवतात. आणि त्यात खोटं नव्हतं. त्या वर्षी चिपळूण, महाड, कोल्हापूर-सांगली इकडचा जुना माल म्हटला की पहिला प्रश्न तोच यायचा, "पुरातलं तर नाही ना?" मुलांचे अब्बा गप्प होते. पतपेढीचा हप्ता दर महिन्याला आमच्या पगारातून कापला जात होता आणि ते त्यांना आमच्याहून जास्त बोचत होतं. चौदा हजार म्हणजे कितीतरी हप्ते. खरं सांगायचं तर आम्हीही मनात म्हटलंच, तो कुठे विचारतोय?

सासरे दारात तसबी घेऊन बसले होते. ते बाजारातल्या धान्याच्या ढिगाबद्दल बोलले. वरून कोरडं, हात घातला तर आत ओलं, ती हदीस. लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली. "इथे तर ढीग नाही, अख्खं इंजिनच भिजलेलं आहे," ते म्हणाले आणि पुन्हा तसबी ओढू लागले. थोरला उठून गेला. सकाळी त्यानेच साताऱ्याला फोन लावून आमच्या हातात दिला.

गॅरेजवाला रागावला नाही. थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. मी गिऱ्हाइकाला गाडी शब्दावर देतो. डायनॅमो नको, हेडही आता नको." दोन हजार परत पाठवले. थोरल्याने दोन दिवस आमच्याशी धड बात केली नाही.

जाहिरात बदलली. वर पहिलीच ओळ: "चिपळूणच्या २०२१ च्या पुरात बुडालेल्या टॅक्सीचं इंजिन. एक कनेक्टिंग रॉड वाकला. भाग सुटे." आठवडाभर फोन आला नाही. मग मिस्त्री म्हणाले, नुसतं पुरातलं म्हणून सांगितलंत, पण पुराने कशाचं काय केलं ते कुठे सांगितलंत? आणि ते कुणी बघितलंय?

इथून हजेरीपटाचा 'तपासणी' हा रकाना भरायला लागला, आणि आमच्या मते जुने भाग विकण्यातलं खरं काम तेच. पुराचं पाणी सगळ्या भागांना सारखं बाधत नाही. डिझेलची वाट टाकीपासून इंजेक्टरपर्यंत बंद असते, त्यामुळे पंप, रेल आणि इंजेक्टर बाहेरून चिखलात बुडाले तरी आतून स्वच्छ राहण्याची शक्यता असते. हेड म्हणजे ॲल्युमिनियमचा ओतीव भाग. त्याला गंज लागत नाही, पण तडा किंवा वाक असू शकतो. डायनॅमो आणि सेल्फ मात्र तांब्याच्या तारांचे. आत माती गेली की ती ओल धरून बसते आणि आज चालणारा भाग महिन्याने बंद पडतो. टर्बोच्या शाफ्टला तेलाच्या पातळ थराचा आधार असतो. त्या तेलाच्या वाटेत माती गेली असेल तर फिरवून बघताना काही कळत नाही.

हेड मशीनशॉपमध्ये नेलं. तिथे पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या लावून बंद करतात, आत हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात. बुडबुडा आला की तडा. आम्ही टाकीकडे बघत उभे होतो. सुरुवातीला कडेने चार-पाच बुडबुडे आले आणि आमचा श्वास अडकला. कारागीर म्हणाला, ती फटीत अडकलेली हवा आहे, थांबा. थांबलो. पाणी शांत राहिलं. पृष्ठभागावर पट्टी आणि फीलर गेज लावून बघितलं, सपाट होता. बाराशे रुपये घेतले आणि लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या. पुढे त्या दोन ओळींचाच फोटो जाहिरातीत हेडच्या फोटोहून मोठा लावला.

इंजेक्टर आणि पंप कोल्हापूरला डिझेल पंपाच्या कारखान्यात पाठवले, नातेवाइकांच्या गाडीतून, नोझलवर टोप्या घालून आणि वर्तमानपत्रात नव्हे तर स्वच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळून. कागदाचा बारीक तंतू नोझलच्या छिद्रात पुरेसा असतो. बेंचवर प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल फेकतो आणि किती माघारी सोडतो ते मोजलं गेलं. तीन बसले, चौथा जास्त माघारी सोडत होता. पंपही चांगला निघाला. सगळ्याचे सव्वीसशे रुपये झाले.

क्रँक मिस्त्रींच्या ओळखीच्या टर्नरने मायक्रोमीटरने मोजला. ज्या जागी रॉड वाकला तीच जागा आधी मोजायला लावली. माप बरोबर होतं, आणि लेथवर फिरवून बघितल्यावर वाकही निघाला नाही. सेल्फ उघडून साफ केला, बुश बदलले. डायनॅमो वाइंडरकडे उघडला, माती निघाली, बेअरिंग बदलली. चालू झाला. टर्बो बोटाने फिरत होता, पण तेलाच्या भोकात तारेला चिखल लागला. त्याच्यापुढे रकान्यात लिहिलं: "दुरुस्तीशिवाय बसवू नये."

आता जाहिरातीत प्रत्येक भागापुढे तीन गोष्टी होत्या: पार्ट नंबर, तपासणीचा कागद, आणि जे बिघडलं असेल ते. फोन पुन्हा सुरू झाले, पण गिऱ्हाईक वेगळं. पूर आहे का विचारणारे कमी आणि बॅक-लीक किती विचारणारे जास्त. भाव कसा ठरवावा याचं शास्त्र आम्हाला सापडलं नाही. नव्या भागाची किंमत दुकानात विचारायची आणि तिच्या तिसऱ्या हिश्शापासून बोलायला सुरुवात करायची, एवढंच केलं. तीन इंजेक्टर प्रत्येकी तीन हजारांना खेडच्या एका टॅक्सीवाल्याने नेले. त्यांना चार हवे होते. चौथा खराब आहे म्हटल्यावर म्हणाले, तो पण द्या, माहीत असलेला खराब बरा. आम्ही तो पंपवाल्याकडेच दुरुस्तीच्या मालात पाचशेला दिला होता, नाहीतर दिलाही असता. पंप आणि रेल सहा हजारांना, क्रँक पाच हजारांना, सेल्फ अठराशेला, फ्लायव्हील दीड हजाराला, व्हॅक्युम पंप बाराशेला, चेंबर आणि ऑइल फिल्टरचं घर मिळून चौदाशेला गेलं. बाहेरगावचा माल ट्रान्सपोर्टने गेला, बिल्टीवर भागाचं नाव आणि वजन लिहून. हेड नऊ हजारांना गेलं. आधी ठरलेल्या चौदातले पाच हजार त्या एका फोनने गेले, हा हिशेब थोरल्याने रकान्याबाहेर पेन्सिलने लिहून ठेवला आहे. आम्ही खोडला नाही.

राहिला ब्लॉक. त्याच्यावर इंजिन नंबर ठोकलेला असतो, आणि तो नंबर आरसी बुकात असतो. बाकीचे भाग म्हणजे वस्तू, ब्लॉक म्हणजे ओळखपत्र. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओकडे नोंद करून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. आम्ही तो चढवून घेतला होता. कुर्ल्याच्या व्यापाऱ्याकडून नंबर घातलेलं बिल आणि ज्या गाडीतून ते इंजिन निघालं तिच्या कागदांची प्रत घेतल्याशिवाय पैसे दिले नव्हते. पिवळ्या पाटीच्या गाडीला फिटनेसच्या वेळी नंबर तपासला जातोच.

एका संध्याकाळी दोघे मोटारसायकलवर आले. बोअर खराब आहे, पिस्टन नाहीत, सगळं दाखवलं. बघितलंही नाही नीट. "ब्लॉकचे नऊ हजार देतो. बिल नको. फक्त तुमच्या जुन्या आरसीची झेरॉक्स द्या." भंगारवाला अख्ख्या इंजिनाला साडेसहा म्हणत होता आणि हे खरवडलेल्या रिकाम्या ब्लॉकला नऊ. आम्ही पंधरा वर्षं मुलांना गणित शिकवतो आहोत, हे गणित आम्हालाही कळलं. त्यांना लोखंड नको होतं, नंबर हवा होता. कुणाच्या तरी चोरीच्या गाडीवर तो बसला असता आणि उद्या पोलीस विचारायला आमच्याच ओट्यावर आले असते. मुलांचे अब्बा, जे आतापर्यंत कशातच बोलले नव्हते, ते म्हणाले, "देणार नाही." ते दोघे अकरा हजारांपर्यंत चढले आणि मग गेले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला निरोप पाठवला, पण त्याच्या वखारीत ब्लॉक आम्ही स्वतः घेऊन गेलो. तिथल्या माणसाने घण घातला. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटतं. चौथ्या घावाला नंबराच्या बाजूने तडा गेला, सातव्याला दोन तुकडे झाले. तुटण्याआधीचा आणि नंतरचा फोटो काढला, काट्यावर वजन केलं, पावतीवर इंजिन नंबर आणि 'तोडून घेतला' असं लिहून घेतलं. ब्लॉक आणि बाकीचा किरकोळ माल मिळून एकोणीसशे रुपये आले. भंगारवाला म्हणाला, "भाभी, एवढी लिखापढी आम्ही सोन्याची पण करत नाही."

डायनॅमो बावीसशेला गुहागरच्या एका टेम्पोमालकाने नेला होता, पुरातला आहे हे ऐकून, कमी करून. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, चार्जिंग बंद. सांगून विकलेला होता, त्यामुळे पैसे द्यायला आम्ही बांधलेले होतो का, यावर घरात पुन्हा चर्चा झाली. या वेळी थोरला म्हणाला, आपण "बेअरिंग बदलली, चालू आहे" असं लिहिलं होतं, "किती दिवस" हे नव्हतं लिहिलं, तेव्हा देऊन टाका. बावीसशे परत केले. वाइंडरने उघडून दाखवलं, आतला तारांचा वेढा हिरवा पडला होता. विजेचे भाग पुरातले असतील तर ते विकूच नयेत, असं आता आमचं मत झालं आहे. सेल्फ अजून चालतो आहे असं घेणाऱ्याने परवा सांगितलं, त्याचा आम्हाला त्याच्यापेक्षा जास्त आनंद झाला.

हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर बेरीज आहे. डायनॅमो वजा जाता सदतीस हजार तीनशे जमा. मिस्त्री, तपासण्या आणि ट्रान्सपोर्ट मिळून सात हजार आठशे खर्च. हाती साडेएकोणतीस हजार, म्हणजे भंगारवाल्याच्या साडेसहाच्या वर तेवीस हजार. त्यात आमची अख्खी सुट्टी गेली. पैसे पतपेढीत भरले, आणि हप्ते पुढच्या वर्षी फिटायचे ते आठ महिने आधी फिटले.

टर्बो अजून जिन्याखाली आहे, धाकटीच्या सायकलमागे. पंचाहत्तर अश्वशक्तीच्या डिझायरचा, पुरात बुडालेला, तेलाच्या वाटेत माती पोचलेली, शाफ्ट फिरतो पण उघडून साफ केल्याशिवाय बसवू नये. दोन हजार सांगतो आहोत. थोरला म्हणतो, दीडलाही द्या.